काढला का?

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा मी एका सातमजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत होते. हात ग्रीसनं माखलेले, त्यामुळे फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता. बाई म्हणाल्या, "आमच्या सेवा क्लबात दर गुरुवारी दुपारचं जेवण असतं, आणि जेवणावर पाहुण्यांचं भाषण. यंदा अध्यक्षांनी वर्षाचा विषय 'सुरक्षा' ठेवलाय. तुम्ही लिफ्टची तपासणी करता ना? वीस मिनिटं त्यावर बोलाल का?"

मला भाषण करता येत नाही आणि जेवलेल्या लोकांसमोर तर मुळीच नाही. मी नकार देणारच होते. तेवढ्यात बाईंनी अध्यक्ष कोण ते सांगितलं आणि माझ्या कानशिलातली शीर उडायला लागली.

"नियम काय आहेत?" मी विचारलं.

बाई खुलल्या. क्लबात नियम सांगायला सगळ्यांनाच आवडतं असं दिसलं. पाहुण्याला वीस मिनिटं, मध्ये कुणी तोडायचं नाही. घंटा अध्यक्षांकडे, पण घड्याळ बाईंकडे. शेवटी एका सभासदानं आभार मानायचे, आणि नुसतं 'छान झालं, माहितीपूर्ण झालं' म्हणून सुटका नाही. भाषणातले तीन मुद्दे आपल्या तोंडानं, पूर्ण वाक्यात परत सांगायचे.

"पूर्वी लोक कस्टर्ड खाऊन सरळ पेंगायचे हो. म्हणून अध्यक्षांनीच हा नियम काढला. मुद्दा चुकला तर बरोबर सांगेपर्यंत उभं राहायचं. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना त्यांनी पाऊण तास उभं ठेवलं होतं. मधमाश्यांवरच्या भाषणाचा तिसरा मुद्दा काही केल्या आठवेना."

"अध्यक्षांची स्वतःची आभारांची पाळी कधी येते?"

"त्यांची? थांबा हं. पुढच्या महिन्यातला दुसरा गुरुवार."

"मला तोच सोयीचा आहे," मी म्हटलं.

डूख धरणं वाईट, असं बाबा म्हणतात. मी अठरा वर्षं धरून आहे आणि मला त्याचा अजून कंटाळा आलेला नाही.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. कंपनीत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, कारण येणारा प्रत्येक नवा माणूस त्यांच्या हाताखालून जायचा. लिफ्टच्या प्रत्येक मजल्याच्या दाराला एक कॉन्टॅक्ट असतो. दार घट्ट लागलं तरच तो जुळतो आणि तरच लिफ्ट हलते. दुरुस्ती करताना कधीकधी हा कॉन्टॅक्ट टाळून लिफ्ट हलवावी लागते, तेव्हा वर मशीनच्या खोलीतल्या पॅनेलमध्ये, म्हणजे विजेच्या कपाटात, वायरचा तुकडा जोडतात. त्याला जंपर म्हणतात. जंपर लावलेला असला की लिफ्ट उघड्या दारानंही धावते. म्हणून काम संपलं की तो काढायचा. तो राहिला तर कुणीतरी दार उघडतं, लिफ्ट आहे असं समजून पाय टाकतं, आणि तिथे लिफ्ट नसते.

बाबांनी यावर तीन उपाय केले होते. त्यांचा जंपर लाल आणि हातभर लांब असायचा, आणि त्याच्या मधोमध बांधलेली दोरी हत्यारांच्या पिशवीच्या कडीत अडकवलेली असायची. पिशवी उचलून निघालात की दोरी ताणली जायची. दुसरा उपाय पेन्सिलचा. पॅनेलच्या पत्र्याच्या दाराला आतून लिहायचं: तारीख, वेळ, मजला, 'लावला', आणि आपली खूण. काढल्यावर त्याच ओळीत समोर 'काढला'. आणि तिसरा उपाय म्हणजे बाबा स्वतः. संध्याकाळी माणसं कामावरून परतली की ते दारात उभे राहून प्रत्येकाला विचारायचे, "काढला का?" "काढला, मास्तर" असं उत्तर आल्याशिवाय कुणाला घरी सोडायचे नाहीत. मी शाळेतून आले की मलाही दारातच अडवायचे, "बूट काढला का?" आणि मीही टाचा जुळवून म्हणायची, "काढला, मास्तर."

या अध्यक्षाला कामाला लावला तो बाबांनीच. एकोणीस वर्षांचा होता, अंगानं इतका बारीक की सगळे त्याला काडी म्हणायचे. पॅनेलवरची त्याची खूणही तीच, एक गोल आणि त्यात आडवी काडी. आमच्या घरी जेवलाय. मला सायकल शिकवलीय. पुढे परीक्षा देऊन तो मॅनेजर झाला, बाबांचाच साहेब म्हणून आला, तेव्हा बाबांनी त्याला एक भारीतलं पेन भेट दिलं. अहवाल त्यानं कोणत्या पेनानं लिहिला मला माहीत नाही, पण मी धरून चालते.

तो अहवाल असा. एका चारमजली ऑफिसच्या इमारतीत पहिल्या मजल्याच्या दाराचा कॉन्टॅक्ट झिजला होता. बाबांनी सकाळी साडेनऊला लिफ्ट बंद केली, पाटी अडकवली आणि नवा भाग उद्या येईल असं सांगितलं. दहा वाजता काडीनं त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. दुपारी साडेबाराला कॅन्टीनच्या मावशी चहाची ढकलगाडी ओढत, पाठमोऱ्या, पहिल्या मजल्यावरच्या त्या दारातून आत गेल्या. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर होती. मावशी खाली खड्ड्यात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, दोन ऑपरेशनं झाली, हातात काठी आली ती कायमची. वर पॅनेलमध्ये चार बोटांचा पिवळ्या वायरचा जंपर सापडला. आणि साहेबांनी लिहिलं, 'मेकॅनिककडून जंपर काढायचा राहिला.'

बाबा सांगत राहिले की माझी वायर लाल असते, पिशवीला बांधलेली असते, मी जंपर लावलाच नव्हता. कुणी ऐकलं नाही. त्यांचं लायसन्स गेलं, कंपनीच्या पाटीवरून नाव काढलं. आता मी त्याच धंद्यात आहे म्हणून लोक कौतुकानं म्हणतात, बापाचं नाव काढलंस. मी काय काढणार? ते त्यांनी आधीच काढलं होतं.

बाबा मावशींना भेटायला दवाखान्यात गेले, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर बाबा घरी बसून लोकांचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायला लागले. लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाहीत. बँकेचा तिसरा मजला जिन्यानं, डोळ्यांच्या डॉक्टरांचा पाचवाही जिन्यानं. तेही मी सोसलं असतं. पण काही वर्षांनी एकदा पंख्याचं पातं पुसता पुसता ते म्हणाले, "राहिलाही असेल गं माझ्याकडून. माणसाचं काय सांगावं." आपण न केलेली चूक त्या माणसानं स्वतःच्या गळ्यात बांधून घेतली होती. त्या दिवशी माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

गेल्या वर्षी त्याच इमारतीतली जुनी लिफ्ट भंगारात निघाली. ती उतरवण्याआधीची तपासणी माझ्याकडे आली. पॅनेलचं दार उघडलं तर आतून कंपनीचं मोठं पोस्टर चिकटवलेलं होतं, 'सुरक्षा सर्वांत आधी'. पॅनेलच्या आत पोस्टर कशाला? तिथे कोण वाचणार? मी पाण्याचा बोळा घेतला आणि ते भिजवून भिजवून सोलून काढलं. खाली करड्या रंगावर पेन्सिलीच्या ओळी होत्या. बाबांची चौकोनी अक्षरं, लावला, काढला, लावला, काढला, एकही जागा मोकळी नाही. आणि सगळ्यात खाली त्या दिवसाची तारीख. ११.४०, पहिला मजला, लावला. गोल, त्यात आडवी काडी. समोरची जागा कोरी.

लिहिलं कशाला असेल त्यानं? मी खूप विचार केला. त्या मशीनच्या खोलीत त्याला बघायला कुणी नव्हतं. त्या दिवशी इमारतीच्या मालकाचे पाहुणे बाराला येणार होते, लिफ्ट चालू करायची घाई होती. पण बाबांनी हाताला वळणच असं लावलं होतं की चोरी करतानाही त्याच्या हातानं नोंद केली. नंतर खोडायला गेला असता तर पत्र्यावर डाग दिसला असता. म्हणून पोस्टर.

कंपनी कधीच बंद पडलीय. तक्रार करून एखादी फाईल निघाली असती आणि मिटली असती. मला फाईल नको होती. मला एकच हवं होतं: ते त्याच्या तोंडून, चारचौघांत, बाबांच्या कानावर पडायला हवं होतं. बाबांना मी यातलं काही बोलले नाही. माझं भाषण आहे, चला, एवढंच सांगितलं.

क्लबचं जेवण एका हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर होतं. भंगारातून मागून घेतलेला पॅनेलच्या दाराचा तो पत्रा चादरीत गुंडाळून मी लिफ्टनं वर गेले, बाबा जिन्यानं निघाले. हॉलमध्ये पस्तीसएक माणसं, पांढरी टेबलं, सूप, भात, उकडलेल्या भाज्या आणि प्रत्येकापुढे कस्टर्डची वाटी. प्रत्येक ताटाशेजारी क्लबची त्या आठवड्याची पत्रिका ठेवलेली, वर अध्यक्षांचा संदेश आणि खाली सही म्हणून तीच खूण. मोठेपणी माणसं खरी सही करायला लागतात. याला आपली खूण फारच आवडली असावी.

तो स्वतः माझ्या स्वागताला आला. मी त्याला सभेत 'अध्यक्षमहोदय' म्हटलं, पण ते सभेपुरतं. आता काडी राहिला नव्हता, कोटाची बटणं नाइलाजानं लागली होती. माझं आडनाव सासरचं, केस कापलेले, डोळ्यांवर चष्मा, त्यामुळे त्यानं मला ओळखलं नाही.

"लिफ्टमधलं मलाही थोडंफार कळतं बरं का," तो हसत म्हणाला. "सांभाळून बोला."

"तुम्ही आहात म्हणूनच आले," मी म्हटलं. त्याला ते गोड वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी माझी ओळख करून दिली तेव्हा बाबा धापा टाकत मागच्या दारातून आले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. इस्त्रीचा शर्ट, खिशात नेहमीसारखी पेन्सिल. मंचावरून त्याचं तिकडे लक्ष गेलं नाही.

मी बोलायला उभी राहिले. दाराचा कॉन्टॅक्ट म्हणजे काय ते सांगितलं. "हा पहिला मुद्दा," मी म्हटलं, "दार लागल्याशिवाय लिफ्ट हलता कामा नये." लोकांनी माना डोलावल्या. मग जंपर समजावला, पेन्सिलीची पद्धत समजावली. "दुसरा मुद्दा: जो लावतो त्यानंच लिहायचं आणि त्यानंच काढायचं." आता तो खुर्चीत सरळ बसला होता. ही पद्धत जगात एकाच माणसानं शिकवली होती आणि ते त्याला ठाऊक होतं.

मी चादर सोडली आणि पत्रा टेबलाला टेकवून उभा केला.

"हे एका जुन्या लिफ्टच्या पॅनेलचं दार. यावर अठरा वर्षांपूर्वीची शेवटची ओळ आहे. अकरा चाळीस, पहिला मजला, लावला. समोर 'काढला' असं लिहिलेलं नाही. पन्नास मिनिटांनी एक बाई खड्ड्यात पडली. ज्या मेकॅनिकवर खापर फुटलं तो तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. आणि त्या ओळीत ही खूण आहे. मागच्यांना दिसत नसेल तर मी मोठी करून दाखवते." मी मंचावरच्या फळ्यावर खडूनं एक गोल काढला. त्यात आडवी रेघ मारली.

घंटा वाजली.

"अध्यक्षमहोदय," डॉक्टरीणबाई मनगटाकडे बघत म्हणाल्या, "अजून सात मिनिटं आहेत." दात काढताना बोलतात तशा मऊ आवाजात म्हणाल्या.

पुढच्या टेबलावरच्या एका औषधाच्या दुकानवाल्यांनी ताटाशेजारची पत्रिका उचलली. फळ्याकडे पाहिलं, पत्रिकेकडे पाहिलं आणि शेजाऱ्याला दाखवली. मग सगळ्या हॉलमध्ये कागद हलायला लागले. मी त्या सात मिनिटांतलं एकही सोडलं नाही. खुबा मोडल्यावर माणूस किती महिने पडून राहतं, ते सांगितलं. लायसन्स गेलेला माणूस पंखे कसे दुरुस्त करतो, ते सांगितलं. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

मग त्याच्या आभारांची पाळी आली. तो उभा राहिला. रुमालानं मान पुसली.

"पहिला मुद्दा. दार लागल्याशिवाय लिफ्ट हलता कामा नये. दुसरा मुद्दा. जो लावतो त्यानं लिहायचं आणि, आणि त्यानंच काढायचं. पाहुणे वेळात वेळ काढून इथे आल्याबद्दल क्लबच्या वतीनं मी त्यांचे..."

"तिसरा राहिला," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. त्यांनी हाताची घडी घातली होती. पाऊण तास उभं राहिल्याचं त्या विसरल्या नव्हत्या, आणि मला त्या बाई एकदम सख्ख्या वाटल्या.

"हो. तिसरा. पाहुण्यांचं म्हणणं असं, की काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी दुर्दैवी घटना घडली आणि तिथे जंपर राहून गेला."

"राहून गेला म्हणजे? वाक्यात कर्ता नाही."

"बाई, भावार्थ तोच आहे."

"नियम पूर्ण वाक्याचा आहे. तुम्हीच केलेला. कर्ता कोण?"

तो पाणी प्यायला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर जुना मॅनेजर परत आला. "पाहुण्यांनीच कर्ता सांगितलेला नाही," तो म्हणाला. "त्यांनी एक खूण दाखवली. गोल आणि रेघ कुणीही काढू शकतं. जे पाहुण्यांनी सांगितलं नाही ते मी त्यांच्या तोंडी कसं घालू?"

नियमानं तो बरोबर होता. मी नाव घेतलं नव्हतं, ते त्याच्याकडून यावं म्हणूनच घेतलं नव्हतं, आणि माझाच डाव माझ्यावर उलटत होता. माझी माझ्यावरच चिडचिड झाली. मी त्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

मागे खुर्ची सरकली. बाबा उठून उभे राहिले होते. भाषणभर त्यांची नजर पत्र्यावरून हलली नव्हती. आता ती त्याच्याकडे गेली.

"काडी," ते म्हणाले. आवाज मुळीच चढलेला नव्हता. संध्याकाळी दारात उभं राहून विचारायचे तसंच त्यांनी विचारलं. "काढला का रे?"

त्यानं बाबांना तेव्हा पाहिलं. काय झालं ते मी नीट बघितलंय, कारण मी त्याच्यावरून डोळे काढलेच नव्हते. त्याच्या टाचा जुळल्या. हात बाजूला सरळ झाले. कोट, पोट, अध्यक्षपद, सगळं असूनही तो तिथे एकोणीस वर्षांचा उभा होता, आणि घरी जायचं तर उत्तर द्यावंच लागणार होतं.

"नाही, मास्तर," तो म्हणाला. "राहिला."

"कुणाचा?"

"माझा."

बाबा खाली बसले. "म्हणजे माझा नव्हता," ते म्हणाले. हे त्यांनी कुणाला उद्देशून म्हटलं नाही, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. मी त्याच्यासाठी कायकाय शिव्या साठवून आणल्या होत्या. त्या एका वाक्यानंतर त्यातली एकही आठवेना, आणि मला त्याचाही राग आला.

"पूर्ण वाक्य झालं," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "आता बसा."

तो बसला नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कस्टर्ड तसंच पडून होतं. बाबा पुढे आले आणि पत्र्यासमोर उकिडवे बसून आपल्या एकेका ओळीवरून बोट फिरवत गेले. प्रत्येक 'काढला'वर बोट क्षणभर थांबत होतं.

मी त्याच्या ताटाशेजारची पत्रिका उचलली आणि त्याच्या खुणेखाली मावशींचा पत्ता लिहिला. "अठरा वर्षं मावशी चुकीच्या माणसाला शाप देतायत," मी म्हटलं. "खरा माणूस त्यांच्यासमोर जाऊन उभा राहू दे. आम्ही आत्ता तिकडेच चाललोय. तुम्ही उद्या तिथे आलात तर मावशींचं दार मीच उघडीन. नाही आलात तर पुढच्या गुरुवारी मी परत इथे जेवायला येईन."

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "माझी पाहुणी म्हणून या."

बाहेर आल्यावर मी पत्रा घेऊन जिन्याकडे वळले, तर बाबा लिफ्टसमोर थांबलेले. दाराशेजारी काचेत तपासणीचा दाखला लावलेला होता. त्यांनी चष्मा वर करून खालची सही वाचली.

"ही तू तपासलीस?"

"गेल्या महिन्यात. सगळी दारं, सगळे कॉन्टॅक्ट."

"जंपर लावला होता?"

"लावला होता. काढला, मास्तर."

ते आत आले. दार लागलं, खट्‌ आवाज झाला, तो त्यांनी मान तिरकी करून ऐकला आणि मगच भिंतीला टेकले. लिफ्ट खाली जायला लागली. दुसरा मजला गेल्यावर त्यांनी विचारलं, "राग गेला का तुझा?"

"नाही," मी म्हटलं.

"मग पत्रा नीट धर," बाबा म्हणाले. "तुझा हात अक्षरांवर येतोय. मावशींना वाचायचंय ते."